खाली राहिलेला काटा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या कित्येक बहिणींचे पत्रे भंगारात जाऊन केव्हाच वितळले आहेत. माझे वय एकोणीस वर्षे. रंग मूळचा निळा, आता ऊन खाऊन राखाडीकडे झुकलेला. मागचा उजवा दरवाजा बाहेरून उघडत नाही, आतून उघडतो. एवढे सोडले तर माझ्यात नाव ठेवण्यासारखे काही नाही, असे माझे स्वतःचे मत आहे. मध्यंतरी घरातल्या माणसांचे मत वेगळे झाले होते, आणि त्यापायी एका भल्या बाईची किल्ली जाण्याची वेळ आली होती. तीच हकीकत तुम्हांला सांगते.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होते आणि दोन्ही बाजूंची माणसे माझ्या अंगात काही ना काही बसवत होती. कुणी काचा, कुणी दिवे, कुणी चाके. त्यांतल्या एकाने माझ्या इंजिनाजवळ, पाण्याच्या वाटेवर, मुठीत मावेल एवढी एक झडप बसवली. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिचे काम सोपे असते. इंजिन गार असेल तोवर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही, आणि इंजिन पुरेसे तापले की वाट मोकळी करायची. थंडीत आपण खिडकी लावून घेतो आणि उकडायला लागले की उघडतो, तसेच. त्या माणसाने पाच-सहा सेकंदांत काम उरकले आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. मीही तेव्हा त्या झडपेची काही दखल घेतली नाही. अंगातल्या ज्या गोष्टी मुकाट काम करतात, त्यांची दखल कोण घेते?

मला विकत घेतले ते एका शिक्षिकेने. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुले त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. त्यांच्या यजमानांचे चष्म्यांचे दुकान होते, त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. चष्मेवाल्यांना गाडी चालवायची धास्ती वाटे आणि ते ती लपवतही नसत. "आमच्या घरी ड्रायव्हर ती, मी क्लीनर," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरोखरच रोज सकाळी ते भिंगे पुसायच्या मऊ कापडाने माझी पुढची काच पुसत. इतकी स्वच्छ काच त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाची नव्हती.

बाई गाडी चालवत ते बघण्यासारखे होते. उगाच घाई नाही, उगाच हॉर्न नाही. गिअर असा बदलायच्या की मलाही पत्ता लागत नसे. एक लिटर पेट्रोलमध्ये मी सतरा किलोमीटर जाई. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणायचा, "बाई, असं ॲव्हरेज नव्या गाड्या देत नाहीत." बाई हसून म्हणायच्या, "गाडी देत नाही हो, पाय देतो." हे वाक्य ऐकून मला थोडा राग येई, पण ते खोटे नव्हते.

माझ्या तेराव्या वर्षी माझ्याकडून बाईंना इजा झाली. निवृत्त झाल्या तरी त्या परीक्षेच्या कामासाठी एकट्याच डोंगरापलीकडच्या गावी गेल्या होत्या. परत येताना चढावर माझा एक जुना रबरी पाइप तडकला, पाणी गळून गेले आणि माझ्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. बाईंनी मला कडेला घेतले. दहा मिनिटे थांबल्या आणि हातरुमालाने रेडिएटरचे झाकण उघडले. दहा मिनिटे पुरत नाहीत, मित्रांनो. उकळते पाणी उसळले आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्या तशाच एका हाताने दुसरा बांधून रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. एका दूधवाल्या टेम्पोने त्यांना दवाखान्यात नेले. मी तिथेच उभी होते. एखाद्या माणसाला ओशाळे वाटावे तसे मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले स्वतः मला ओढून आणणाऱ्या गाडीत बसून आले. तेव्हाचा आमचा मेकॅनिक म्हातारा होता आणि बारा महिने लोकरीची टोपी घालायचा. चष्मेवाले त्याला म्हणाले, "काय वाटेल ते करा, पण ही पुन्हा कधी तापता कामा नये."

टोपीवाला म्हणाला, "मग एक काम करतो. पाइप तर बदलतोच, पण ही झडपपण काढून टाकतो. पाणी सारखं फिरत राहील. तापायचा प्रश्नच नाही."

"काही बिघडणार नाही ना?"

"थंड इंजिनाला काय होतंय, मालक? सगळेच काढतात."

सगळेच काढतात, हे त्याचे बोलणे खरे होते. त्याच्या कोपऱ्यातल्या डब्यात असल्या झडपांचा ढीग होता. माझीही त्यात गेली. झाकण पुन्हा बसले, आत काही नाही. खरे तर दोष त्या तडकलेल्या पाइपाचा होता, झडपेचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पण हे मी कुणाला सांगणार?

चष्मेवाल्यांनी घरी सांगितले की पाइप बदलून आणला. तेही खरेच होते. झडपेचे ते बोलले नाहीत, कारण बाईंना सांगितले असते तर बाईंनी विचारले असते, का काढली, तिचे काम काय असते, काढल्यावर ते काम कोण करणार. चष्मेवाल्यांकडे यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांच्याकडे फक्त बायकोचा भाजलेला हात होता.

त्या दिवसापासून ते माझ्यात बसले की आधी तापमानाचा काटा बघायचे. काटा तळाशी असायचा. "बघ, कसा खाली आहे," ते म्हणायचे. बाईंनाही बरे वाटे. ताप नाही म्हणजे तब्येत उत्तम, असा घरातल्या सगळ्यांचा समज झाला. पाहुणे आले तरी चष्मेवाले अभिमानाने सांगत, "आमची गाडी तापत नाही."

आता माझी बाजू ऐका. इंजिनाला ठरावीक ऊब लागते. माझ्या अंगात एक छोटा संगणक आहे. पाण्याच्या वाटेवरचा एक संवेदक त्याला दर क्षणाला कळवत असतो की इंजिन किती तापले आहे. इंजिन गार आहे असे कळले की तो संगणक काळजीने जास्त पेट्रोल पाजतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला जोरात फिरवत ठेवतो. सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटे हे ठीक असते. पण माझ्यात झडप नव्हती. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरून गार होऊन येई. त्यामुळे संगणकाच्या लेखी माझी सकाळ कधी संपतच नसे.

तरी चार-पाच वर्षे कुणाला फारसे जाणवले नाही. कारण बाई आणि चष्मेवाले बाहेर पडत ते भर दुपारी, आणि दुकानाकडे जाणारा रस्ता गर्दीचा. गर्दीत रखडत, उन्हात, मी कशीबशी तापत असे आणि मग नीट वागत असे. मग दोन वर्षांपूर्वी चष्मेवाले गेले. आठ दिवस तापाचे निमित्त झाले आणि गेले. त्यानंतर चार महिने बाईंनी माझे दारसुद्धा उघडले नाही. माझ्या काचेवर धूळ बसली, तीवर पावसाचे ओघळ उठले. कुणी पुसले नाहीत. मला फार वाईट वाटले, हे सरळच सांगते.

पुन्हा रस्त्यावर आले ती बाईंच्या थोरल्या बहिणीमुळे. त्यांना मी ताई म्हणते, कारण बाई त्यांना ताई म्हणतात. ताईंच्या मूत्रपिंडांनी काम थांबवले आणि त्या बाईंकडे राहायला आल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाळी सकाळी सहाची. म्हणजे साडेपाचला निघायचे, शहराबाहेरचा नऊ किलोमीटरचा मोकळा रस्ता, गार वारा समोरून रेडिएटरवर, आणि नऊ किलोमीटर संपले की मी बंद. बरोबर तेवढा वेळ, जेवढ्यात मी तापूच शकत नव्हते.

मग तक्रारी सुरू झाल्या. सिग्नलला उभी राहिले की माझे इंजिन आपोआप गुरगुरत राही, जणू कुणी पाय दाबून ठेवला आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मी हिसका देऊन पुढे जाई. ॲव्हरेजची तर रयाच गेली. सतराचे दहावर आले.

ते पहिल्यांदा लक्षात आले बाईंच्या मुलाच्या. तो त्याच घरात राहतो. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीसाठी अहवाल लिहिणे हे त्याचे काम. दिवसभर चेपलेले पत्रे बघायचे आणि अपघाताचे कारण लिहायचे. बहुतेक अहवालांत कारण एकच असते, चालकाची चूक. रोज तेच लिहून लिहून त्याची तशी नजरच झाली होती. त्यात आईचे वय अडुसष्ट.

"आई, तुझा पाय ॲक्सिलरेटरवर राहतो का गं?" त्याने एकदा जेवताना विचारले.

"नाही रे."

"तुला कळत नसेल. पेट्रोल बघ किती जातंय. वयामुळे होतं असं. काल मी एकीचा अहवाल लिहिला, तिलाही कळलं नव्हतं."

बाईंच्या आधी ताईच बोलल्या. "मी तिच्या शेजारी बसते. तिचा पाय कुठे असतो ते मला दिसतं. तुझ्या अहवालातल्या बाईच्या शेजारी बसला होतास का तू?"

मुलगा तसा वाईट नाही, हे ध्यानात ठेवा. त्याने मला गॅरेजमध्ये नेले. टोपीवाला म्हातारा तोवर काम सोडून गावी गेला होता. नवा मेकॅनिक हुशार आणि बडबड्या. त्याने आधी प्लग बदलले. मग हवेचा फिल्टर. मग हवा आत घेणारी नळी उघडून आतला कार्बन साफ केला, आणि काळे झालेले फडके मुलाला दाखवून म्हणाला, "हे बघा, हाच चोर." मी चार दिवस बरी चालले, असे सगळ्यांना वाटले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने कुठे हवा गळते का ते पाहिले. सगळ्या नळ्यांवर साबणाचे पाणी मारले, एक नळी बदलली. काही फरक नाही.

फरक पडणार कसा? मुलगा मला गॅरेजमध्ये नेई तो सुट्टीच्या दिवशी, दुपारी, बाजारातून रखडत. तिथे पोचेपर्यंत मी तापलेली असे. मेकॅनिक कान देऊन ऐके आणि म्हणे, "साहेब, एकदम व्यवस्थित आहे. आवाज ऐका की, मांजरासारखा." मुलगाही चालवून बघे. त्याच्या हाती मी शहाण्यासारखी वागे. मला तेव्हा ओरडून सांगावेसे वाटे की बाबा रे, मला सकाळी बघ, साडेपाचला बघ. पण हॉर्नसुद्धा मला माझ्या मनाने वाजवता येत नाही.

"माझ्याकडे तर नीट चालते," मुलगा घरी येऊन म्हणाला. यात तो सगळे बोलून गेला.

आणि मग फाटकाचे झाले. त्या सकाळी फार गारठा होता. बाईंनी नेहमीसारखे मला पहिल्या गिअरमध्ये घातले आणि ॲक्सिलरेटरला न शिवता हळूच क्लच सोडला. अंगणातून बाहेर पडायची त्यांची एकोणीस वर्षांची पद्धत तीच. पण त्या दिवशी मी इतक्या जोरात फिरत होते की एकदम उसळून पुढे गेले. बाईंनी ब्रेक दाबला तोवर माझा डावा दिवा फाटकाच्या खांबाला लागून फुटला होता आणि ताईंचा गुडघा पुढे आपटला होता. फार लागले नाही. पण मुलगा धावत बाहेर आला तेव्हा बाई अजून ब्रेक दाबूनच बसल्या होत्या.

त्याने आवाज चढवला नाही. तो खाली वाकून म्हणाला, "आई, पुरे आता. खांबाच्या जागी कुणी माणूस असता तर?"

बाईंनी किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "तुझंच खरं असेल."

मित्रांनो, मला खांबापेक्षा त्या बोलण्याचा मार जास्त लागला. ज्या पायाने मला सतरा किलोमीटर दिले, त्या पायावरून त्या बाईचा विश्वास उडाला, आणि चूक होती माझ्या पोटातली. ती घरात फक्त मला माहीत होती, आणि मला ती सांगता येत नव्हती.

मुलाने दिवा बदलून घेतला आणि एक गिऱ्हाईक ठरवले. पुढच्या रविवारी तो माणूस मला न्यायला येणार होता. ताईंसाठी भाड्याच्या गाडीची सोय झाली. बाई तिच्यात मागच्या सीटवर बसून जाऊ लागल्या. घरात चालतानासुद्धा त्या आपल्या उजव्या पायाकडे बघत, असे ताईंनी नंतर सांगितले.

शेवटी ताईंचा संयम सुटला. डायलिसिसहून आल्या की त्या थकलेल्या असतात, पण त्या दिवशी अंगणात माझ्याजवळच खुर्ची टाकून बसल्या आणि बाईंना फैलावर घेतले.

"अगं, मुलांनी प्रयोगात चुकीचं उत्तर काढलं की तू काय करायचीस?"

"पुन्हा करायला लावायची."

"मग हा कुठला प्रयोग केलाय तुम्ही? तो म्हणाला पाय, तू म्हणालीस पाय. बघितलं कुणी?"

बाई उठून आत गेल्या आणि संध्याकाळी त्यांनी मुलाकडे किल्ली मागितली. "चालवणार नाही. नुसती सुरू करून बसणार आहे." मुलाने जरा चाचरत दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाई आल्या. हातात वही, पेन आणि स्वयंपाकघरातले घड्याळ. ते घड्याळ त्यांनी स्टिअरिंगला टेकवून ठेवले. मला न्यूट्रलमध्ये ठेवून, हाताचा ब्रेक ओढून सुरू केले, आणि मग चप्पल काढून दोन्ही पाय वर घेतले. ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसल्या. इतक्या वर्षांत माझ्या सीटवर असे कुणी बसले नव्हते. मी नेहमीप्रमाणे गुरगुरत होते. बाई दर दोन मिनिटांनी वहीत लिहीत होत्या. पाच बत्तीस, आवाज मोठा, काटा तळाशी. पाच चौतीस, आवाज मोठा, काटा तळाशी. असे तेरा वेळा.

सहाला दोन मिनिटे कमी असताना मुलगा दात घासत बाहेर आला. इंजिनाचा आवाज ऐकून तो घाईने खिडकीशी आला. "आई, रेस कशाला करतेस एवढी?"

बाईंनी नुसते खाली बोट दाखवले. पायाच्या जागी रिकाम्या पेडलांखेरीज काही नव्हते. मुलाने ब्रश तोंडातच धरून आधी पेडल पाहिले, मग आईची मांडी पाहिली.

"आणि हे बघ," बाई म्हणाल्या. "सव्वीस मिनिटं झाली. काटा जागचा हलला नाही. आपण इतकी वर्षं याला चांगलं म्हणत आलो. सव्वीस मिनिटं चालू असलेलं इंजिन गार कसं राहील? चूल पेटवून भांडं गार राहिलं तर आपण कौतुक करू का?"

त्यांनी मेकॅनिकला फोन लावला आणि उद्या पहाटे घरी यायला सांगितले. तो कुरकुरला. "काकू, मी तीनदा तपासलीय गाडी. काही नाही तिच्यात."

"तिन्ही वेळा दुपारी तपासलीस. दुखणं सकाळचं आहे."

तो आला. डोळे चोळत, लोकरीचा गळपट्टा गुंडाळून. बाईंनी वही त्याच्या हातात दिली. ती त्याने वाचली, मला सुरू केले, बॉनेट उघडले आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड पाइपावर हात ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा ठेवला. मग त्याने गळपट्टा सोडला.

"हा पाइप आत्ताच कोमट कसा? हा खरं तर शेवटी तापतो, तोही एकदम. म्हणजे पाणी सुरुवातीपासूनच फिरतंय."

त्याने इंजिन बंद केले, दोन बोल्ट काढले आणि झडपेवरचे झाकण उचलले. आत बॅटरीचा उजेड टाकला. मग बाजूला होऊन बाईंना जागा दिली. "बघा काकू. इथे काही नाहीच. थर्मोस्टॅट कुणीतरी मुद्दाम काढून टाकलाय. जुनं काम आहे. याच्याविना सकाळची गाडी अशीच वागणार. रेस पण होणार, पेट्रोल पण पिणार. पायाचा काही संबंध नाही."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याला स्वतःचाच राग आला असावा, आणि तो बाहेर पडला भलतीकडे. "कुठल्या मूर्खाने केलं हे?"

बाई त्या रिकाम्या भोकात बघत होत्या. त्यांचा उजवा हात झाकणाशेजारी टेकलेला होता. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी अजून वेगळी दिसते. त्यांनी ती डाव्या हाताने हळूच चोळली.

"मूर्ख नाही," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा."

मेकॅनिकने उगाचच पाना पुसला. बाईच पुढे बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होते. "त्यांना माझ्या हाताची काळजी, तुला माझ्या पायाची. दोघांनी आपापल्या परीने बंदोबस्त केला. विचारलं मात्र एकानेही नाही."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांच्या आठवणीने की आईच्या बोलण्याने, ते मला सांगता येणार नाही. तो घरात गेला नाही, तिथेच उभा राहिला, एवढे खरे.

नवी झडप दुसऱ्या दिवशी बसली. कारखान्यात जुनी जितक्या सेकंदांत बसली होती, त्याहून ही बसायला बराच जास्त वेळ लागला, कारण मेकॅनिकने झाकणाची जागा खरवडून साफ केली आणि रेडिएटरमध्ये नवे कूलंट भरून आतली हवा नीट काढली. बाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. ही उघडते कधी, अडकली तर काय, पुन्हा पाइप फुटला तर काय करायचे. तो सांगत होता. रेडिएटरचे झाकण उघडायच्या आधी अर्धा तास तरी थांबायचे, हेही त्याने सांगितले. बाई म्हणाल्या, "ते मला माहीत आहे."

शनिवारी ताईंची पाळी होती. पहाटे मुलगा तयार होऊन अंगणात आला आणि मागच्या सीटवर बसला. माझा उजवा दरवाजा बाहेरून उघडेना, तेव्हा डावीकडून शिरून सरकत गेला. बाईंनी मला सुरू केले. मी गुरगुरले, पण थोडाच वेळ. शहराबाहेर पडेपर्यंत काटा उठून निम्म्यावर आला होता. मला किती वर्षांनी ऊब मिळाली हे कसे सांगू? हॉस्पिटलच्या आधीच्या सिग्नलला बाईंनी मला थांबवले तेव्हा मी इतकी शांत झाले की ताई दचकल्या.

"बंद पडली का गं?"

"नाही. चालू आहे."

"मग एवढे दिवस आपल्याला बहिरं व्हायचं बाकी होतं म्हण की," ताई म्हणाल्या आणि मागे वळून मुलाकडे बघून हसल्या. "तू लिही याचा अहवाल."

मुलगा हसला नाही. तो पुढे वाकला, आईच्या सीटच्या पाठीवर त्याने हात ठेवला. "आई, उद्या तो गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार आहे. त्याला काय सांगू?"

सिग्नल हिरवा झाला होता, मागे कुणी नव्हते. बाईंनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांना विचार करायला तेवढा वेळ लागला नसावा. पण कुणी विचारले आहे, हे त्यांना जरा वेळ ऐकत राहायचे असावे.

"येऊ नको म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी मला झेपणार नाही, त्या दिवशी मीच तुला सांगेन. आणि तुला शंका आली, तर असाच मागे येऊन बस. बघ आणि मग बोल."

तो बरे म्हणाला. बाईंनी गिअर घातला आणि ॲक्सिलरेटरला न शिवता क्लच सोडला. मी हिसका न देता पुढे सरकले. आता मी पुन्हा पंधरा-सोळा किलोमीटर देते. सतरा होणार नाहीत. माझेही वय झाले आहे, ते मी मान्य करते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल आणि ती उभ्या उभ्या गुरगुरत असेल, पेट्रोल जास्त पीत असेल, तर लगेच तिला भंगारात काढू नका आणि चालवणाऱ्याला बोल लावू नका. ती जेव्हा बिघडते तेव्हाच तिला तपासा. माझ्यातली एक झडप कुणीतरी माझ्या भल्यासाठी काढली, आणि ते कळायला सहा वर्षे गेली. माझी तक्रार नाही, मला बोलता येत नाही. बाईंना बोलता येत होते, पण त्यांना कुणी विचारलेच नाही.